योनास नक्की मेला का? ‘डार्क’वरच्या पत्रांना उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात एका वाचकाला सहज ‘डार्क’ बघा म्हणून सुचवलं होतं, तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. घरात भांडणं झालीयेत, एकाने वहीची सहा पानं भरून आकृत्या पाठवल्यात, एका आजींनी पोस्टकार्ड पाठवलंय. मी स्वतः ही मालिका तीनदा बघितलीये त्यामुळे मला हे सगळं वाचताना फार आनंद झाला.

आधीच सांगते, ज्यांनी बघितली नाहीये त्यांनी हे पान उलटा आणि बघून झाल्यावर परत या, कारण शेवटासकट सगळं उघड करणारे. ज्यांनी बघितलीये पण विसरलेत त्यांच्यासाठी एवढंच, की ही नेटफ्लिक्सची पहिली जर्मन मालिका, बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे या जोडीने केलेली, २०१७ ते २०२० मधे तीन सीझन आणि एकूण २६ भाग. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, तिथे अणुवीज प्रकल्प, जंगलात गुहा, आणि गुहेतून ३३ वर्षं मागे किंवा पुढे जाता येतं. २०१९ च्या ४ नोव्हेंबरला मिकेल नावाचा ११ वर्षांचा मुलगा त्या गुहेपाशी हरवतो आणि १९८६ मधे निघतो, तिथेच मोठा होतो, नाव बदलून मिशाएल होतो, लग्न करतो, आणि त्याला जो मुलगा होतो तो आपला योनास. पिवळ्या रेनकोटवाला, ज्याचं मार्थावर प्रेम आहे. (काही जण जोनास लिहितात, चालेल, पण जर्मनमधे तो योनास आहे म्हणून मी तसंच लिहितेय.)

पुण्याहून एक कॉलेजवाली मुलगी विचारते: ताई, तिसऱ्या सीझनमधे मार्था योनासला गोळी घालते आणि तो मरतो, आपण डोळ्यांनी बघतो. मग तोच योनास म्हातारा होऊन अ‍ॅडम कसा होतो? माझा दादा म्हणतो ही चूक आहे, लेखकांना जमलं नाही. मी म्हणते चूक नाहीये पण मला सिद्ध करता येत नाहीये. आमच्यात पैज लागलीये.

पैज तू जिंकलीस, आणि आता सिद्ध कसं करायचं ते सांगते, दादाला शेजारी बसवून वाच.

दुसऱ्या सीझनचा शेवट आठव. तारीख २७ जून २०२०, प्रकल्पात स्फोट व्हायला काही मिनिटं उरलीयेत. योनासच्या घरात मार्था जमिनीवर पडलीये, अ‍ॅडमने तिला गोळी घातलीये, योनास तिला धरून बसलाय, त्याचे हात रक्ताने भरलेत. ही एक खोली नीट लक्षात ठेव, कारण अख्ख्या तिसऱ्या सीझनचं कुलूप तिथे आहे. याच खोलीत दुसऱ्या, समांतर जगातली मार्था येते, कपाळावर आडवे केस कापलेली, आणि त्याला घेऊन जाते. बरोबर? आपण सगळे धरून चालतो की मग पुढे एवढंच झालं. पण तिसऱ्या सीझनच्या सातव्या भागात आपल्याला कळतं की त्याच खोलीत त्याच क्षणी दुसरंही काही झालं. त्या दुसऱ्या मार्थाला बार्टोश वाटेतच अडवतो, ती येतच नाही, योनास एकटा राहतो आणि तळघरात जाऊन लपतो आणि स्फोटातून वाचतो. हा जो तळघरात लपला तो पुढे दाढीवाला अनोळखी माणूस होतो आणि शेवटी अ‍ॅडम. आणि जो मार्थासोबत गेला तो दुसऱ्या जगात गोळी लागून मरतो.

म्हणजे मेला तो एक योनास आणि म्हातारा झाला तो दुसरा, आणि दोघं २७ जूनपर्यंत अगदी एकच होते, एकाच आईचे, त्याच आठवणी, रक्ताने माखलेले तेच हात. आता दादा म्हणेल की असं मधेच दोन कसे झाले, सोयीचं म्हणून केलं. तर नाही. मालिका कारण देते, की स्फोटाच्या वेळी सेकंदाच्या एका तुकड्यापुरता काळ थांबतो, आणि काळ थांबला की ‘यामुळे ते झालं’ ही साखळीच तुटते, कारण आणि परिणाम एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत एकाच प्रसंगाची दोन टोकं एकाच वेळी खरी असू शकतात. हे त्यांनी क्वांटम भौतिकीतून घेतलंय, श्रोडिंगरचं ते मांजर, १९३५ सालचा विचारप्रयोग, पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही आणि मेलेलंही. घड्याळं बनवणाऱ्या टानहाउसच्या तोंडी तो दाखला येतोच. खऱ्या विज्ञानात माणसं अशी दुभंगत नाहीत हे उघड आहे, पण मालिकेने स्वतःचा नियम सांगितला आणि शेवटपर्यंत पाळला, मला वाटतं सायन्स फिक्शनकडून आपण एवढंच मागायला हवं आणि हे सुद्धा फार थोडे लोक देतात.

आणि अजून एक गोष्ट आहे जी खूप जणांच्या नजरेतून सुटते. त्याच खोलीत तिसरी गोष्टही घडते! शेवटच्या भागात क्लाउडिया अ‍ॅडमला सगळा गुंता उलगडून सांगते आणि मग अ‍ॅडम स्वतः त्याच फटीतून त्या खोलीत येतो आणि तरुण योनासला घेऊन जातो. एकच खोली, एकच क्षण, आणि तीन वाटा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लॉकडाऊन होता, तिसरा सीझन आलाच मुळी २७ जून २०२० ला, म्हणजे मालिकेतल्या जगबुडीच्याच दिवशी, आणि मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मधे एक चौकोन काढून त्यातून तीन रंगांच्या खडूने तीन रेषा काढल्या होत्या. लाल रेषा मार्थासोबत, ती थोडं जाऊन थांबते. काळी तळघरातून, ती सगळ्यात लांब, वळून वळून १८८८ पर्यंत जाते. आणि पिवळी अ‍ॅडमसोबत. तू पण अशी काढ, दादाला तोंडी सांगून पटणार नाही पण कागदावर पटेल.

एक कच्चा मुद्दा दादा काढेल तो आधीच सांगून ठेवते. तो म्हणेल की तळघरातल्या योनासने जीव द्यायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला मरता आलं नाही, नोआ त्याला खाली उतरवतो, मग पिस्तूल चालवून दाखवतो आणि गोळी सुटत नाही, कारण त्याचा म्हातारा अवतार आधीच अस्तित्वात आहे म्हणून काळ त्याला मरू देणार नाही. मग लाल रेषेतला कसा मेला? कारण लाल रेषेतल्या योनासचा म्हातारा अवतार कुठेच नाहीये ना. अ‍ॅडम काळ्या रेषेचा आहे. त्यामुळे उलट हा प्रसंग तुझ्याच बाजूचा पुरावा आहे.

सांगलीहून एक वाचक: ताई, घरी आम्ही नाती लावायला बसलो आणि वेडे व्हायची पाळी आली. योनास आणि मार्था एकमेकांचे कोण? एकदा आपल्या भाषेत सांगा.

आपल्या भाषेतच सांगायला पाहिजे, कारण जर्मन आणि इंग्रजीत हे सगळं ‘आन्ट’ आणि ‘अंकल’ मधे विरघळून जातं, मराठीत प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे म्हणून ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागतं.

मिकेल हा मार्थाचा धाकटा भाऊ. मिकेल योनासचा बाप. म्हणजे मार्था ही योनासची सख्खी आत्या. झालं. हा एक शब्द उच्चारला की पहिल्या सीझनमधलं त्यांचं सगळं प्रेमप्रकरण अंगावर येतं. योनासला हे कळतं आणि तो तिला टाळायला लागतो आणि तिला कारण सांगता येत नाही, मला तो भाग बघवत नाही. पुढे या, मार्थाचे वडील उलरिश हे योनासचे आजोबा, कथरीना आजी. हाना ही योनासची आई, म्हणजे उलरिशची सून, आणि पहिल्या भागातच ती आणि उलरिश यांचं लफडं चालू आहे. सासरा आणि सून. त्यांना दोघांनाही माहीत नाही बिचाऱ्यांना, कारण मिकेल त्या वेळी अजून हरवलेलाच नाहीये.

आता वर चढा. उलरिशचा बाप ट्रोंटे, तो योनासचा पणजोबा. ट्रोंटेचा बाप तो ओठावर व्रण असलेला माणूस जो लहान, मोठा आणि म्हातारा असा तिघं मिळून फिरतो आणि ज्याला नावच नाही, तो योनासचा खापरपणजोबा. आणि हा बिननावाचा माणूस कोणाचा मुलगा? योनासचा आणि दुसऱ्या जगातल्या मार्थाचा. म्हणजे पोटचा पोरगा हाच खापरपणजोबा. त्याची बायको म्हणा किंवा ट्रोंटेची आई म्हणा, आग्नेस, ती सिल्याची मुलगी, आणि सिल्या ही हानाला पन्नासच्या दशकात एगोनपासून झालेली, म्हणजे योनासची सावत्र बहीण. तर आग्नेस ही त्याची भाचीही आहे आणि खापरपणजीही.

शार्लोट आणि एलिझाबेथचं वेगळंच. एलिझाबेथ शार्लोटची मुलगी, आणि शार्लोट एलिझाबेथची मुलगी. दोघी एकमेकींच्या आई. शार्लोट आयुष्यभर शोधत असते की माझे आईवडील कोण, आणि आई रोज तिच्याच घरात जेवायच्या टेबलावर बसून खुणांच्या भाषेत बोलत असते.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात ना, जाडजूड, मूळ पुरुषापासून सुरू करून खाली फांद्या. विंडेनचा कुलवृत्तांत करायचा म्हटला तर मूळ पुरुषच सापडणार नाही, कारण खालून निघालं की फिरून खालीच येतो. हे वाक्य मनात ठेवा, पुढच्या पत्राला लागणारे.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षिका (पोस्टकार्डवाल्या आजी ह्याच): मुलाने लावून दिली म्हणून पूर्ण बघितली. शेवटी सगळी मुलं धुळीसारखी विरून गेली. मग २६ भाग त्यांच्या दुःखात आम्ही सामील झालो ते कशासाठी? कोण उरलं आणि का उरलं तेही समजलं नाही. फसवल्यासारखं वाटलं.

बाई, तुमचं कार्ड मी चार वेळा वाचलं. फसवल्यासारखं वाटणं मी समजू शकते, मलाही पहिल्या रात्री झोप आली नव्हती, पण मला आता तसं वाटत नाही आणि का वाटत नाही ते सांगायचा प्रयत्न करते.

आधी कोण उरलं ते. शेवटच्या जेवणाच्या टेबलावर हाना, कथरीना, पेटर, रेगिना, पोलीसवाला वोलर आणि बेनी एवढी माणसं आहेत. ही सगळी अशी आहेत की ज्यांचा जन्म कोणाच्या काळप्रवासामुळे झालेला नाही. बाकी जे नाहीत, उलरिश, मार्था, माग्नुस, मिकेल, योनास, शार्लोट, एलिझाबेथ, फ्रान्सिस्का, नोआ, हे सगळे त्या गोल फिरणाऱ्या कुलवृत्तांतातले. आताच वर लिहिलं तसं, त्यांना मूळ पुरुष नाही. गाठ सुटली की दोऱ्यात गाठ म्हणून काही उरत नाही, तसं. रेगिना उरली कारण ती क्लाउडिया आणि बेर्न्ड डॉप्लर यांची, ट्रोंटेची नाही, आणि ट्रोंटेची असती तर तीही गेली असती. त्या टेबलावर ती धडधाकट बसलीये, एरवी आपण तिला कॅन्सरने झिजताना बघितलेलं असतं. क्लाउडियाने जे काही केलं, खोटं बोलली, दोन्ही बाजूंना फसवलं, ते सगळं या एका मुलीसाठी.

आणि इथेच मला वाटतं तुमच्या ‘कशासाठी’चं उत्तर आहे. ही सगळी भानगड सुरू कुठे झाली ते आठवा. तिसरं जग, मूळ जग. तिथे घड्याळं बनवणारा टानहाउस, आणि ८ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री त्याचा मुलगा मारेक, सून सोन्या आणि तान्ही नात गाडीत बसून निघतात, बापलेकाचं भांडण झालेलं असतं, आणि पुलावर अपघातात तिघंही जातात. टानहाउस हे सोसू शकत नाही. पुढची पंधरा वर्षं तो यंत्र बनवतो, १९८६ मधे ते चालू करतो, त्यांना परत आणायला, आणि परत कोणी येत नाही, जगच फाटून दोन होतात. ती दोन जगं म्हणजे आपण २६ भाग बघितली ती. म्हणजे अख्खी ‘डार्क’ ही एका बापाच्या न संपलेल्या सुतकातून निघाली.

मग बघा, त्या दोन जगांतला प्रत्येक जण तेच करतोय. उलरिश मिकेलला शोधत १९५३ मधे जातो आणि वेड्यांच्या इस्पितळात म्हातारा होतो. कथरीना नवऱ्याला सोडवायला १९८७ मधे जाते आणि तिच्या स्वतःच्या आईच्या हातून मरते. नोआ आपल्या मुलीसाठी, शार्लोटसाठी. एवा, म्हणजे दुसऱ्या जगातली मार्था म्हातारी झाल्यावर, आपल्या त्या बिननावाच्या मुलासाठी सगळं चक्र पुन्हा पुन्हा चालवते. कोणी कोणाला सोडत नाही. आणि योनासही आधी तसाच, बापाला वाचवायला जातो आणि तो प्रसंग तर मी कधीच विसरणार नाही. आत्महत्येच्या आदल्या दिवशी योनास मिशाएलला गाठतो, म्हणतो बाबा असं करू नका, ते पत्र, आणि मिशाएल विचारतो कोणतं पत्र? त्याने लिहिलेलंच नाहीये. मरायचा विचारही त्याच्या डोक्यात नाहीये. योनास ते पत्र त्याच्या हातात देतो आणि बाप स्वतःचं अक्षर वाचत राहतो. मुलगा वाचवायला आला आणि त्याच्याच येण्याने बापाला कळलं की आपल्याला मरायचंय. तिथे कॅमेरा नुसता त्या दोघांच्या चेहऱ्यावर आहे, संगीतही जवळजवळ नाही.

हे सगळं बघितल्यावर शेवटच्या भागात पुलावर उभा असलेला योनास बघा. त्याच्याकडे यंत्र आहे, त्याच्याकडे मार्था आहे, दोघं जिवंत आहेत, कुठेही पळून जाऊ शकले असते. आणि ते मारेकची गाडी अडवून सांगतात की पूल बंद आहे, परत जा. वडिलांच्या तोंडात नेहमी असणारं वाक्य या अनोळखी पोरांकडून ऐकून मारेक चमकतो, गाडी वळवतो, घरी जातो, बापाला मिठी मारतो. टानहाउसला मुलगा मिळाला म्हणून यंत्र कधी बनलंच नाही. विंडेनच्या एवढ्या माणसांत आपलं माणूस आणि स्वतःचा जीव, दोन्ही मुठीतून सोडणारी ही दोघंच, योनास आणि मार्था. तुम्ही २६ भाग त्यांच्या दुःखात सामील झालात म्हणून तुम्हाला ते सोडणं किती जड आहे ते कळतं बाई, पाच भागांची मालिका असती तर नसतं कळलं. मला तरी हा शेवट फसवणूक वाटत नाही, मला तो या मालिकेतला एकमेव खरा निर्णय वाटतो.

विरून जायच्या आधी मार्था विचारते की आपलं काही उरेल का, आणि योनास म्हणतो मला माहीत नाही. लेखकांनी इथे खोटा दिलासा दिला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

नाशिकहून एक इंजिनियर: अपघात झाला नाही तर दोन जगं झाली नाहीत, दोन जगं नाहीत तर योनास नाही, योनास नाही तर पुलावर गाडी अडवली कोणी? अपघात व्हायलाच हवा. पुन्हा फिरून तेच. म्हणजे चक्र सुटलंच नाही, बरोबर ना?

मुद्दा पक्का आहे आणि या एका प्रश्नावर जगभर लोक भांडतायत. एक गट तुमच्यासारखा, की हेही एक मोठं चक्रच, कधीच सुटणार नाही. दुसरा गट म्हणतो की पुलावर दोन वाटा फुटल्या, एका वाटेवर अपघात झाला आणि टानहाउसने यंत्र बनवलं, दुसऱ्या वाटेवर गाडी वळली, आणि दोन्ही आपापल्या जागी खरं. मी दुसऱ्या गटात आहे, कारण मालिकेने २७ जूनच्या खोलीत आपल्याला तोच नियम आधी शिकवून ठेवलाय, एका क्षणाला दोन टोकं असू शकतात.

आणि मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचली असेल तुम्ही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच भारतात जाऊन पोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकले, कारण विश्वासरावांना लागायची गोळी लागली नाही, निसटून गेली. एक गोळी, दोन टोकं. आणि परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचं एक पान उरलेलं असतं, तिकडचं. गंगाधरपंतांना तिकडे पराभव न होणारं पानिपत दिसलं म्हणून इकडचं पानिपत पुसलं गेलं का? नाही ना. ती कथा अगदी शाळकरी वयात वाचलेली असल्यामुळे असेल, पण मला पुलावरचा प्रसंग बघताना काही अडलंच नाही. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. त्यांनी या मालिकेवर चार ओळी लिहिल्या असत्या तर मी त्या कापून जपून ठेवल्या असत्या.

तरी तुमचा आक्षेप मी खोडून काढलाय असं म्हणत नाही. दोन वाटा मान्य केल्या की मग अपघाताच्या वाटेवरचा योनास कुठेतरी अजून भोगतोच आहे असं म्हणावं लागतं, आणि ते मला आवडत नाही, पण आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही.

अकोल्याहून: ३३ वर्षंच का? आणि १९८६ च का?

३३ चं गणित आपल्या पंचांगात रोज वापरात आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं, दरवर्षी ११ दिवसांचा फरक. ११ गुणिले ३३ म्हणजे ३६३, जवळजवळ एक पूर्ण वर्ष, म्हणून ३३ वर्षांनी सूर्य आणि चंद्राचं गणित परत जुळतं. रमजान दरवर्षी मागे सरकत ३३ वर्षांत पूर्ण फेरी मारतो तो याचमुळे. आपण तोच फरक साठू देत नाही, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढतो, म्हणून दिवाळी जागच्या जागी राहते. जावयाला अनारशांचं ताट देतो तो धोंड्याचा महिना आणि विंडेनची गुहा, दोन्ही एकाच ११ दिवसांवर उभे आहेत.

१९८६ म्हणजे चेर्नोबिल. २६ एप्रिलला अपघात झाला आणि त्याचं सावट पश्चिम जर्मनीवर आलं, मुलांना वाळूत खेळू देऊ नका, ताजं दूध आणि पालेभाजी टाळा असं सांगितलं जात होतं. मालिकेत विंडेनच्या प्रकल्पातही त्याच वर्षी अपघात होतो आणि दडपला जातो, किरणोत्सारी पिंपं लपवली जातात. जर्मन प्रेक्षकाला ती भीती सांगावी लागत नाही. खऱ्या जर्मनीतले शेवटचे तीन अणुवीज प्रकल्प १५ एप्रिल २०२३ ला बंद झाले.

सोलापूरहून दोघी मैत्रिणी: शेवटी हाना पोटावर हात ठेवून म्हणते की योनास हे छान नाव आहे. म्हणजे योनास परत येणार ना? आमच्यातली एक म्हणते हो, एक म्हणते नाही. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू.

मी म्हणेन ते मानू नका, पण मला काय वाटतं ते सांगते. आपला योनास अर्धा हानाचा आणि अर्धा मिकेलचा. या जगात उलरिश नाही म्हणून मिकेल नाही. हानाच्या पोटातलं बाळ वोलरचं आहे. रक्ताने विचाराल तर तो योनास नव्हे, तो दुसराच कोणीतरी, त्याला मार्था कधी भेटणार नाही आणि भेटायची गरजही नाही.

पण मग ते नाव आलं कुठून? दिवे जातात, बाहेर पाऊस, हाना खुर्चीवरच्या पिवळ्या रेनकोटकडे बघत थबकते आणि स्वप्न सांगते की जग संपलं आणि सगळा काळोख होता आणि कसलीच इच्छा उरली नव्हती आणि मोकळं वाटत होतं. या बाईने त्या दोन जगांत काय काय केलंय ते आपल्याला माहितीये, ती कायम कोणाकडून तरी काहीतरी मागत, ओढत, हिसकावत आलीये, आणि इथे ती पहिल्यांदा शांत दिसते. नाव तिला कोणी सुचवलेलं नाही, तिच्या तोंडी आपोआप येतं. गंगाधरपंतांच्या खिशात पान उरलं तसं हिच्या जिभेवर नाव उरलंय असं मला वाटतं. मार्था ज्याबद्दल विचारत होती, आपलं काही उरेल का, ते हेच असावं.

आमच्याकडे माझ्या भाच्याला माझ्या वडिलांचं नाव ठेवलंय. बारशाला आत्याबाई म्हणाल्या अण्णा परत आले गं, आणि सगळ्या बायकांनी डोळे पुसले, माझ्या आईनेही. पण दुसऱ्या दिवशी आईने अण्णांचा चष्मा काढून त्याच्या पाळण्यापाशी ठेवला नाही, तो कपाटात होता तिथेच राहिला, आणि पोराला ती नव्याने ओळखायला लागली. तर तुमच्यातली जी नाही म्हणते तिचं बरोबर आहे. आणि जी हो म्हणते तिला शेवटचा भाग परत लावून द्या, आणि रेनकोटकडे बघताना हानाचा चेहरा बघायला सांगा, कारण ती ज्याला हो म्हणतेय ते तिला तिथेच दिसलेलं असणार.